चालून दाखव

पायऱ्या म्हटलं की विठाबाईला आधीच धाप लागायची. आणि सरकारी कामाचं ठिकाण पायऱ्यांवाचून असतं, असं तिला या जन्मी तरी बघायला मिळालं नव्हतं. चौक गावच्या दवाखान्याला पायऱ्या, तालुक्याच्या कचेरीला पायऱ्या, तलाठ्याच्या खोलीला मेला नुसता उंबरा, तोही हातभर उंच. दम्यानं छातीचा भाता झालेला. चार पायऱ्या झाल्या की कठडा धरायचा, तोंडानं वारा ओढायचा आणि मागं न बघताच म्हणायचं, "दमानं ये गं, सुंदरे."

सुंदरा, तिची लेक, पाठीमागे असायचीच. उजवा पाय वर टाकायचा, हातानं डावी मांडी दाबायची आणि तो पाय ओढून जवळ घ्यायचा. तेवढ्यात कुणी वरून उतरताना दिसलं की हात चटकन पदराखाली जायचा आणि बाई उगाच भिंतीवरच्या पाट्या बघत उभी राहायची. पाट्या वाचता येत नव्हत्या ही गोष्ट वेगळी.

या हेलपाट्यांत उर्मट कुणी बोलत नव्हतं, हीच तर मोठी पंचाईत. कुणी हाडतहुडूत केलं असतं तर विठाबाईनं तिथंच त्याची सात पिढ्यांची आरती ओवाळली असती, तेवढा दम तिच्यात अजून होता. पण सगळे गोड. कारकून म्हणे, "मिळेल की मावशी. अपंगांना सरकार महिन्याला देतंय. फक्त डॉक्टरचा दाखला आणा." दवाखान्यातला डॉक्टर म्हणे, "आजी, माझी सही चालत नाही हो, जिल्ह्याच्या डॉक्टरांची लागते." आणि जिल्हा म्हणजे आलिबाग. कुलाब्याचं नाव बदलून नुकतंच रायगड केलं होतं सरकारनं, पण त्यानं आलिबाग काही चौकच्या जवळ आलं नव्हतं. या गाडीतून त्या गाडीत चढउतार करायची, तीही ही छाती आणि तो पाय घेऊन. दोनदा निघायचं ठरवलं आणि दोनदा फाट्यावरूनच माघारी आल्या.

बरं, सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नव्हतं. विठाबाईचा नवरा धर्माजी कधीच गेला. मुलगा कान्हा मोहोपाड्याला कारखान्यात होता, तिथंच खोली घेऊन राहत होता, बायको-पोरांत सुखी होता. गेल्या सणाला आला तेव्हा जेवताना ताटाकडे बघतच म्हणाला, "आये, तू हायस तवर ठीक हाय. पुढं सुंदरीचं मला नको सांगू." विठाबाईनं त्याला वर भात वाढला. बोलून काय करायचं? त्याच्या जागी त्याचं खरं होतं. पण त्या दिवसापासून तिला झोप म्हणून नव्हती. आपण आज ना उद्या जाणार. मग ही कुणाच्या दारात उभी राहील? सरकारचा तो पगार हातात असला तर निदान भावजय तरी दारातून हाकलणार नाही. एवढ्यासाठी म्हातारी पायऱ्या चढत होती.

सुंदराचं एकदा लग्न झालं होतं. ते कसं जमलं ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि कसं मोडलं तेही. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिला ताप आला, तापात डाव्या पायावरून वारं गेलं, आणि तो पाय मग वाढला पण भरला नाही. बारीक, थंड आणि आखूड राहिला. पोर वयात आली तशी विठाबाईनं हाय खाल्ली नाही, कंबर कसली. दुपारी वाडी शेतावर गेली की दार लावायचं आणि पोरीला ओटीवरून चुलीपर्यंत चालवायचं. डाव्या चपलेत जुन्या लुगड्याची घडी. निऱ्या पार घोट्याखाली. डावा पाय टाचेवर नाही, चवड्यावर टाकायचा, कंबर खाली जाऊ द्यायची नाही, हात मांडीला लावायचा नाही, तोंड हसरं. "परत. परत चाल. ते पावणे काय तुझा बाप हायत दया करायला?" पोर रडायची, चालायची. पाहुणे यायचे, ऐसपैस बसायचे, आणि त्यांच्यातला एखादा म्हातारा हमखास म्हणायचाच, "जरा चालून दाखव, पोरी." मग सुंदरा पाण्याचा तांब्या घेऊन चुलीपासून चटईपर्यंत यायची. वीस पावलांच्या वर तिला ते जमत नसे, पण घरच मुळी तेवढं होतं.

असं एक घर फसलं. पाऊस सरायच्या आत त्यांनी तिला आणून दारात सोडलं. सासऱ्यानं विहारासमोर उभं राहून चारचौघांत विचारलं, "आमाला का फसवलंत?" विठाबाईनं पोरीचं गाठोडं उचललं आणि तिला घरात घेतलं. सुंदरा तेव्हापासून आईकडेच. भात लावते, भारे बांधते, बसून करायची सगळी कामं दोघींच्या वाटची एकटी करते. लंगडी हा शब्द मात्र त्या घरात आजतागायत कुणी उच्चारलेला नाही.

तर मार्गशीर्षात एक दिवस शेजारचा श्रीपत कामावरून येता येता दारात थांबला. "काकी, आलिबागला नका जाऊ. आयतवारी कर्जतला शाळंत मोठे डाक्तर येतायत. अपंगांचं वर्ष हाय म्हनं सरकारचं. तिथंच तपासून तिथंच दाखला देनार."

"खरं सांगतोस का, बाबा?"

"माझं काय जातंय खोटं सांगून?"

विठाबाईला रडूच आलं. इतक्या दिवसांत सरकार आपल्याकडे दोन पावलं चालत आलंय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

रविवारी पहाटे उठून तिनं सुंदराला पाणी तापवून दिलं. पेटीतलं धुवट लुगडं काढलं. स्वतः गुडघ्यावर बसून निऱ्या खाली ओढल्या. आणि चार लोकांत जायचं म्हणून, अहो, हाताला सवयच ती, डाव्या चपलेत घडी घालून दिली. सुंदरानं मुकाट्यानं पाय सरकवला. दोघींच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

शाळेत ही गर्दी. कुणाला काठी, कुणाला पाठीवर घेतलेलं, कुणी ढुंगणावर सरकत आलेलं, एका गाडग्यासारख्या डोक्याच्या पोराला त्याची आई मांडीवर डोलवत होती. विठाबाईला ते बघून आधी धसका बसला आणि मग, खोटं कशाला सांगा, थोडा अभिमानही वाटला. आपली सुंदरा यांच्यात अगदी धडधाकट दिसत होती. दुपार कलली तरी नंबर येईना. विठाबाई भिंतीला टेकून धापा टाकत होती. पोटात अन्न नाही, तोंडाला कोरड.

शेवटी नाव पुकारलं. वर्गातली बाकं बाजूला सारून एक टेबल मांडलं होतं. टेबलामागे जाड भिंगांच्या चष्म्याचा डॉक्टर, सकाळपासून बसून त्याचीही पाठ मोडली असावी, कारण तो एका हातानं कंबर चेपत होता. शेजारी नर्स. दाराशी आणि खिडक्यांशी बघ्यांची गर्दी.

"काय होतं?"

"पाय, सायेब," विठाबाई म्हणाली.

"बघू. लुगडं वर घे."

सुंदरा जागची हलली नाही. एवढे पुरुष खिडकीला लोंबकळत होते. तिनं मान खाली घातली. नर्स म्हणाली, "अगं घे की वर." ती नाहीच हलली.

डॉक्टर वैतागला. मागं रांग लांबच लांब होती. तो म्हणाला, "बरं, राहू दे. चालून दाखव."

आणि सुंदरानं चालून दाखवलं.

दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून फळ्यापर्यंत. चवड्यावर डावा पाय, कंबर सरळ, हात पदरात, तोंड हसरं. अशी सुरेख चालली की विठाबाईच्या तोंडून हलकेच "वा" निघून गेलं. डॉक्टरनं मान हलवली, नर्सला काहीतरी सांगितलं आणि कागद बाजूला सरकवला.

"किरकोळ आहे, मावशी. पाय जरासा आखूड आहे एवढंच. यात दाखला बसत नाही. चला, पुढचा."

विठाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा डोक्यावर घण बसल्यासारखी ती मटकन बाकावर बसली. अगं बाई गं! हे काय करून बसलो आपण?

"सायेब, तसं नाय! ती चालतंय ते खरं नाय!" ती उठायला गेली, दम लागला, टेबलाची कड धरली. "मी शिकवलेलं हाय ते. पावन्यांफुडं. सुंदरे, चाल गं तुजी तू. खरी चाल!"

सुंदरा बावरून दोन पावलं लंगडली. त्यात भीतीनं पाय जास्तच ओढला गेला. खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

डॉक्टरनं चष्मा काढून डोळे चोळले. "आजी, सकाळपासून असे चार झाले. आत येताना सरळ येतात, नाही म्हटलं की लंगडायला लागतात. मला फसवून तुम्हाला काय मिळणार? खऱ्या गरजूच्या वाटचं जातं ते."

फसवून. हाच शब्द विठाबाईनं विहारासमोर ऐकला होता. चांगली धडधाकट आहे म्हणून सांगितलं तेव्हा फसवलं, नाही म्हणून सांगतोय तेव्हाही फसवतोय. मग खरं बोलायचं तरी कधी? ती तोंड उघडून नुसती वारा ओढत राहिली. घरी जाऊ या, एवढंच तिच्या मनात आलं. पुरे झालं. कुठं तरी आडवं व्हावं आणि डोळे मिटावे.

नर्सनं पुढचं नाव पुकारलं. एक काठीवाला म्हातारा आत यायला लागला.

"थांब, बाबा," सुंदरा त्याला म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे विठाबाईलाही ठाऊक नव्हतं. सुंदरानं चपला काढल्या, त्या घडीसकट बाजूला सारल्या. मग खिडकीकडे, दाराकडे, सगळ्या बघणाऱ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्याच्या वर धरलं.

"बगा, सायेब. काय बगायचं ते नीट बगा."

एक पाय बाईमाणसाचा, शेतावर राबून पिळदार झालेला, आणि दुसरा पोरीचा, लाकडाच्या ढलपीसारखा वाळका. मांडीवर तळहाताएवढा घट्टा पडला होता, वर्षानुवर्षं दाबून दाबून. डॉक्टर खुर्चीवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "खिडक्या लावा," असं नर्सवर ओरडला. टेप लावली, पोटरी चाचपली, गुडघा वाकवून पाहिला. मग काम काय करतेस म्हणून विचारलं, तर सुंदरा भात लावते म्हणाली.

"याच्यावर तू भात लावतेस?"

"व्हय."

तो परत टेबलाशी गेला आणि बराच वेळ लिहीत राहिला. "दाखला देतो," तो म्हणाला. "आधीच का नाही दाखवलंस, बाई?" मग लिहिता लिहिताच मान वर करून विठाबाईला विचारलं, "कधी झालं हे?"

"तीन वर्सांची व्हती. तापात."

"मग तेव्हा कुठं नेली नाहीत हिला? वाढत्या वयात पट्टे लावले असते, बूट मिळाला असता, तर गुडघा एवढा आखडला नसता. मांडी न दाबता नीट चालली असती ही. फुकट करतात मुंबईला. तुमच्या गावात कुणी सांगायला आलं नाही?"

आलं होतं की. सरकारी नर्सबाई आली होती, उन्हातान्हात, पांढऱ्या लुगड्यात घामाघूम होऊन. मुंबईच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली होती. एकदा पोरीचं नाव तसल्या दवाखान्यात गेलं की साऱ्या मुलखाला कळणार, मग हिला करून कोण घेणार, म्हणून विठाबाईनं पोरीला मागल्या दारानं जावेच्या घरात लपवली आणि सांगितलं, पोर मामाकडं गेलीय. बाई पुन्हा आली, पुन्हा तेच सांगितलं. मग यायची थांबली. सुंदराला हे माहीत होतं. चुलता चांगो एकदा पिऊन आला तेव्हा त्यानं अंगणात उभं राहून सगळं ओकून टाकलं होतं. त्यावर मायलेकी त्या रात्रीही बोलल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही कधी नाही.

डॉक्टर वाट बघत होता. विठाबाईनं तोंड उघडलं.

"नेलं व्हतं, सायेब," सुंदरा म्हणाली. ती लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होती, वर बघत नव्हती. "मुंबईला नेलं व्हतं आयेनं. खांद्यावर घेऊन. लय फिरली ती. गुण नाय आला."

डॉक्टरनं विठाबाईकडे बघितलं. त्याच्या बघण्यात आता राग नव्हता, उलट थोडी लाजच होती.

"माफ करा हं, आजी. मला काय माहीत? म्हणजे तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत."

"व्हय," सुंदरा म्हणाली. "सगळं केलं तिनं."

त्यापेक्षा पोरीनं चारचौघांत थोबाडीत दिली असती तर विठाबाईला सोसलं असतं. तिनं सुंदराकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वर होईना.

नर्सनं शाईचा डबा पुढं सरकवला. "सोबतच्या माणसाचा अंगठा हवा. द्या, आजी."

विठाबाईनं अंगठा शाईत बुडवला. तो कागदावर नेला, पण टेकवायचा कुठं ते कळेना. शेवटी सुंदरानंच तिचं मनगट धरलं आणि अंगठा जागेवर टेकवला.