चिपला लावलेलं कुंकू

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मुलुंडच्या शाळेची ऑर्डर माझ्यामुळे हुकली. छे, कुठली ऑर्डर? मित्रांनो, तसं काही घडलंच नाही. आपण माझ्या जन्माबद्दल बोलू.

१९८६ साली अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, सामंतसाहेबांच्या गाळ्यात वसुधाताईंनी मला जोडलं. पोटात पंखा असल्यामुळे मला स्वस्थ बसणं जमत नाही. माझं डोकं म्हणजे गोमेसारखे पाय असलेली काळी चपटी चिप. ती परदेशातून यायची. शेजारच्या गाळ्यातल्या चंद्रप्रकाशच्या कॉम्प्युटरांनाही तेच डोकं होतं, त्यामुळे आमची सगळी स्पर्धा पेटीच्या रंगावर चालायची.

मग तिकडच्या कारखान्यांना चिपवर आणखी बारीक रेघा ओढता येऊ लागल्या. रेघा बारीक, म्हणून जास्त मावतात. म्हणून काम झटपट. रंगाला कोणी विचारेना. दोन्ही गाळ्यांत नवी चिप आली ती नेमकी खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मुलुंडच्या मुख्याध्यापिका नलिनीबाई दोघांची परीक्षा घेऊन एकालाच ऑर्डर देणार होत्या. ती हुकली तर आमचा कॉम्प्युटरचा धंदा बंद.

"साहेब, चिप आजच बसवून टाकते," वसुधाताई म्हणाल्या.

"आज? अगं, स्क्रू-ड्रायव्हर पूजेत आहे. आज हत्याराला हात लावायचा नाही. चिप पण ठेव पाटावर."

साहेबांनी पकडीला हळदकुंकू लावलं, मला लावलं, मग ओल्या बोटांनी चिपलाही.

"साहेब, पाय भिजतायत तिचे!"

"भिजू देत. देवाचं आहे."

चंद्रप्रकाशनेही पूजा केली, पण चिपचं खोकं न उघडता.

दसऱ्याला नवी चिप माझ्यात बसली आणि माझ्या पडद्यावर ठार काळोख झाला. हळद पायांत वाळून घट्ट बसली होती. "वाट लागली," साहेब म्हणाले. ताईंनी घाईघाईने जुनं डोकं परत बसवलं. बाईंनी शाळेचा निकाल गुणांनुसार लावायला दिला. शेजारच्याने तो चहा यायच्या आत लावला. मी अजून पाचवीतच होतो.

"हा काय करतोय?" बाईंनी विचारलं.

"विचार करतोय, बाई," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे अशांना वर्गाबाहेर उभं करतात."

ऑर्डर शेजारी गेली. पाठोपाठ वसुधाताईही गेल्या. साहेब आता त्याच गाळ्यात मिक्सर दुरुस्त करतात. भांडी माझ्या डोक्यावर वाळत घालतात. पुढच्या दसऱ्याला तो विजेता शेजारीही मोडीत निघून माझ्या बाजूला येऊन बसला. आणखी बारीक रेघांची चिप आली होती. त्याच्याही पोटात पंखा. दोघेही तळमळतो.

तरी जगातील सर्व चिप कारखान्यांना नम्र विनंती करण्यात येते की, माझा शाळेचा निकाल लावून पूर्ण होईपर्यंत रेघा आणखी बारीक करण्याचे काम तात्काळ स्थगित ठेवावे, आणि तसे आम्हांस लेखी कळवावे.