पुसलेली हनुवटी

माझं काम लोकांचे चेहरे पुसायचं. खरे नव्हे, फोटोतले. पुढच्या खोलीत मालक फोटो काढतात आणि मागच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर बसून मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकते. बायका फोटो बघून हरखतात, "अय्या, मी अशी दिसते?" नाही गं बाई, दिसत नाहीस, पण घेऊन जा.

आणि माझी स्वतःची हनुवटी बघाल तर! पाळीचा पत्ता नाही म्हणून तपासण्या केल्या, पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन्सची गडबड, गोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, गोळ्या सुरू म्हणजे मुरूम बंद. कसलं काय! एक बसतो न बसतो तोच जबड्याच्या कडेला दुसरा हजर. धड पिकतही नाहीत मेले, आतल्या आत गाठ होऊन ठणकत बसतात. उशीला गाल टेकवायची सोय राहिली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धीर धरा, याला महिने लागतात. दर महिन्याला खिडकीजवळ उभ्या राहून फोटो पाठवा, त्यावरून डोस ठरवू."

तोवर फुकटचे सल्ले होतेच. मालक म्हणाले, "तेलकट खाऊ नका." घरमालकीण म्हणाली, "तोंड धूत जा जरा." म्हणजे मी काय न धुता फिरते? आई फोनवर म्हणायची, "अगं, कॅमेरा लाव की, तोंड तरी बघू दे." मी म्हणायचे, "बिघडलाय." फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या मुलीचा कॅमेरा महिनोन्महिने बिघडलेला, आणि आई म्हणायची, "बरं, राहू दे." तिने एकदा तरी हट्ट करायला हवा होता.

बाहेर पडले की मास्क. जेवण मागच्या खोलीत, दार लोटून. सुट्टीच्या दिवशी कुणाशी अवाक्षर बोलायचं कारण पडत नसे. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं की पहिला शब्द घोगरा निघायचा.

पहिल्या महिन्याचा फोटो पिवळट आला म्हणून तो मी कामाच्या कॉम्प्युटरवर घेतला. नुसता रंग नीट करायचा होता. तेवढ्यात पुढून मालकांनी कुठल्याशा गिऱ्हाइकाबद्दल विचारलं, मी बसल्या जागेवरून उत्तरं देत राहिले आणि हात आपला चालूच. फोटो पाठवून मोकळी झाले. संध्याकाळी डॉक्टरबाईंचं उत्तर आलं, "अरे वा! हनुवटी छान साफ झाली. हाच डोस चालू ठेवा." फोटो पुन्हा उघडून बघितला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाइकाचे पुसावेत तसे माझे सगळे मुरूम मी पुसून टाकले होते.

तिथल्या तिथे फोन करायला हवा होता. पण खरं सांगू? माझ्या चेहऱ्याला "अरे वा" कुणी म्हटलं त्याला युगं लोटली होती. तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. पुढच्या महिन्यात जाणूनबुजून पुसले. खरं वाटावं म्हणून दोन बारके तेवढे ठेवले, इतकी मी हुशार!

त्यावर उत्तर आलं, "उत्तम प्रगती. आता गोळी अर्ध्यावर आणू." मी हादरले. इकडे जबडा नुसता पेटलेला, एका गाठीच्या जागी खड्डा पडायला लागलेला, आणि औषध कमी होणार ते माझ्याच कर्तबगारीमुळे. चेहऱ्यावरचा खड्डा मला पुसता येणार नव्हता. मुकाट्यानं भेटीची वेळ घेतली.

मास्क काढून समोर बसले. डॉक्टरबाईंनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे.

"हा फोटो कुणाचा?"

"माझाच. मी... माझं कामच आहे ते. पुसायचं."

"अहो, याच्यावर मी तुमची गोळी कमी करणार होते! कळतंय का तुम्हाला?"

"कळलं म्हणूनच आले ना."

अजून बोलणी बसणार म्हणून मी उलट उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांनी दिवा जवळ ओढला, माझी हनुवटी हातात घेतली आणि जबड्याखालची मोठी गाठ बोटानं अलगद दाबून बघितली.

"दुखतंय?"

साधा प्रश्न. त्या सगळ्यांनाच विचारत असणार. पण इतक्या महिन्यांत धू, लाव, खाऊ नकोस, सगळं सांगून झालं होतं, हे मात्र मला कुणीच विचारलं नव्हतं. "हो" म्हणायला गेले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, त्यांचे हातमोजे ओले झाले. त्यांना वाटलं, आपण जोरात दाबलं.

"सॉरी, सॉरी," म्हणत त्यांनी चटकन हात काढून घेतला.

काढू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. ते काही म्हणता आलं नाही.