उष्टं ताट

कुऱ्हाडीचा दुसरा घाव बसला आणि दाराची फळी उभी चिरली. वेइक्कोने आतून खांदा लावला. त्याच्या मागे मार्युत लेकीला खिडकीतून बाहेर बर्फावर सोडत होती. दाराबाहेर तिचा नवरा होता. त्याने तिची हाडं याआधीही मोडली होती.

या आश्रयघराचा पत्ता कुणाला सांगायचा नसतो. तो सांगितला होता वेइक्कोच्या प्रोग्रामने.

औलू शहराची वेबसाइट त्याच्या हातची. कुणी पान उघडायची मागणी केली की सर्व्हर तिच्यासाठी एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती ठेवायची तात्पुरती जागा, घेतो. ताटच म्हणा ना. त्यात उत्तर वाढायचं, पाठवायचं आणि ताट टाकून द्यायचं. पण वेग वाढावा म्हणून वेइक्को तीच ताटं पुन्हा मांडायचा. त्या सकाळी बालवाडीने सगळ्या पालकांना एकदमच साइटवर माहिती भरायला बोलावलं. मार्युतचं ताट रिकामं झालं असं धरून सर्व्हरने ते पुढच्या मागणीला दिलं. पडद्यामागे सर्व्हरचं एक रेंगाळलेलं काम मात्र त्यात तिचा पत्ता अजून वाढतच होतं. पुढची मागणी तिच्या नवऱ्याची होती.

दुपारी सर्व्हरच्या नोंदी चाळताना ऑफिसातली सहकारी हेन्ना म्हणाली, "वेइक्को, उष्टं ताट गेलंय." कुणाचं कुणाला गेलं ते वाचल्यावर तिने पोलिसांना फोन लावला. आश्रयघर पुलापलीकडेच होतं. वेइक्को कोट न घालताच धावला.

तिसरा घाव फळी फोडून आत आला आणि वेइक्कोची दोन बोटं घेऊन गेला.

"हो बाजूला, म्हाताऱ्या," फटीतून आवाज आला. "मी काय चोरून आलो नाही. तुमच्याच साइटने पत्ता दिला मला."

"हो. मीच दिला," वेइक्को म्हणाला. त्याने दार सोडलं नाही.

पोलिसांनी त्या माणसाला बर्फात पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला, तरी तो बायकोच्या नावाने शिव्या देतच होता. नव्या जागी नेणाऱ्या गाडीत बसताना मार्युतने वेइक्कोकडे पाहिलं.

"नवा पत्ताही तुझ्याच साइटवर घालायचा का?"



इस्पितळातून वेइक्को थेट ऑफिसात आला आणि एका हाताने ताटं पुन्हा वापरण्याचा सगळा भाग पुसू लागला. प्रत्येक मागणीला नवं ताट; वाढणारा शेवटचा हात निघाल्याशिवाय ते टाकायचं नाही.

"साइट हळू होईल रे," हेन्ना म्हणाली.

"होऊ दे."

हीटरवर लोकरीचे छोटे हातमोजे वाळत होते. आश्रयघराच्या खिडकीखाली पडलेले त्यानेच उचलून आणले होते. ते कुठे पाठवायचे, हे आता त्यालाही कुणी सांगणार नव्हतं.