एकदा टिंग म्हणजे हो

"पुण्यात्म्या, तू आला आहेस का?"

गारवाबाबांनी प्रश्न विचारून डोळे मिटले. खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या वीस-बावीस माणसांनी श्वास रोखून धरले. दारात उभे असलेले आत घुसले, जिन्यात उभे असलेले दारात आले. पंखा मुद्दाम बंद ठेवलेला. दुपारचे तीन वाजलेले. घामानं सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटलेले.

टिंग!

भिंतीवरच्या एसीचा हिरवा दिवा लागला. पुढची पातळ झडप सावकाश वर उचलली गेली, जणू कुणी जागं होऊन पापणी उघडतंय. आधी नुसता वारा आला, मग मिनिटाभरात त्याला गारवा चढला. तो गारवा समोरच्या फोटोतल्या चेहऱ्यावरून, फोटोजवळ बसलेल्या म्हाताऱ्या बायकोवरून, पुढच्या रांगेवरून फिरत गेला.

"आले! आले!" कुणीतरी हुंदका दिला.

टेबलावर एसीचा रिमोट उताणा पडला होता. पाठीचं झाकण उघडं, आत सेल नाहीत. दोन्ही सेल शेजारच्या बशीत, सगळ्यांना दिसतील असे. रिमोट मेलेला आणि यंत्र जिवंत! यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

"ऐका," गारवाबाबांनी अंगावरची लांबरुंद पातळ शाल सावरली. "तुमचं विज्ञान जिथे धापा टाकतं, तिथून माझा गारवा सुरू होतो. व्होल्टेज म्हणजे काय? व्होल्टेज म्हणजे वासना! लहरी म्हणजे काय? लहरी म्हणजे आत्म्याचे उसासे! एकदा टिंग म्हणजे हो, दोनदा टिंग म्हणजे नाही. विचारा माउली, विचारा तुमच्या धन्याला."

दाराच्या चौकटीला टेकून एक बाई हे ऐकत होत्या. तीन मजले चढून आल्यामुळे त्यांना दम लागला होता. खांद्याला पिशवी, हातात चष्मा. छत्तीस वर्षं इथल्याच शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता दुसऱ्या गावी राहत होत्या. फोटोजवळ बसलेली म्हातारी म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, आणि फोटोतले ते भावोजी. त्यांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

बाई सकाळची पहिली बस पकडून निघाल्या होत्या, कारण काल फोनवर ताई सहज बोलून गेली होती, "अगं, मी सुई बंद केली. ह्यांनी सांगितलं." साखरेसाठी ताई अकरा वर्षं इन्सुलिन टोचून घेत होती. ते बंद करून आज तिसरा दिवस होता. आणि आता बाईंना दिसत होतं, ताईचे ओठ कोरडे पडलेत, डोळे खोल गेलेत, आणि इतक्यातच ती तांब्यातलं पाणी दोनदा प्यायलीय.

"अहो," ताईनं फोटोकडे बघत हात जोडले, "सुई कायमची बंद करू ना?"

टिंग.

"बाबांची थंडावा पूड घेऊ ना?"

टिंग.

"आणि या खोलीत बाबांची गादी मांडायची म्हणतात. चालेल ना तुम्हाला?"

टिंग. इतक्या झटकन, की बाबांचे डोळे मिटायचे राहून गेले.

"बाई! तुम्ही?" दाराशी बसलेला एक जाडजूड माणूस उठून उभा राहिला. तो याच इमारतीतला वायरमन, बाईंचा जुना विद्यार्थी. "या, बसा. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी स्वतः तपासलंय. हा एसी मीच बसवलेला. बटण बघितलं, बोर्ड उघडून बघितला, भिंतीला कान लावला. एकही जादा वायर नाही! वायर नाही, सेल नाही, तरी चालतो. विज्ञान इथे संपलं, बाई."

"तुझं आठवीतच संपलं होतं," बाई म्हणाल्या. "प्रकाशाच्या धड्याला तू खिडकीबाहेर बघत होतास."

दोघं-तिघं हसले. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना थकवा आला. या खोलीतल्या निदान सात जणांना त्यांनी वर्गात शिकवलं होतं. फळ्यावर किरण काढून दाखवले होते, भिंगानं कागद जाळून दाखवला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बरं, करू.

"ताई, आधी सुई घे. मग जे चाललंय ते चालू दे," त्या म्हणाल्या.

"आलीस का शिकवायला?" ताईचा आवाज चढला. "अगं, माझा नवरा बोलतोय माझ्याशी. तुला ते सुद्धा बघवत नाही? लहानपणापासून मेली अशीच तू. माझ्या बाहुलीचं पोट फाडून आत काय आहे ते बघितलं होतंस!"

"भुसा होता," बाई हळूच म्हणाल्या.

गारवाबाबा मंद हसले. "बालिके, शंका हा ताप आहे. माझ्याजवळ ये, उतरवतो."

चौसष्ट वर्षांच्या बालिकेनं चष्मा चढवला. "बाबा, माझी एक शंका उतरवा. आत्म्याला भिंत अडवते का हो?"

"भिंत?" बाबांनी सभेकडे बघून हात पसरले. "अगं, त्याला डोंगर अडवत नाहीत!"

"दार?"

"दारं देहाला. आत्म्याला कसलं दार?"

"मग बोटभर चिकटपट्टी तर अडवणारच नाही."

"चिकटपट्टी!" बाबा खदखदून हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी खोली हसली.

"चला, सगळ्यांनी ऐकलं," बाई वायरमनकडे वळल्या. "तुझ्या खिशात काळी पट्टी असेल ना? त्या एसीच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी काळी काच आहे बघ. तिच्यावर तीन पदर लाव. बाकी कशाला हात लावू नकोस. एसी चालू आहे तसा राहू दे."

बाबांचं हसू थांबलं. "परीक्षा घेणाऱ्याला आत्मा उत्तर देत नाही."

"मी कुठे विचारणार आहे? ताई विचारेल. तिला तर देतात ना?"

सगळे ताईकडे बघू लागले. "लाव रे," ती वायरमनला म्हणाली. "लाव पट्टी. हिला एकदा तोंडावर पडू दे."

वायरमन स्टुलावर चढला. काळ्या काचेवर त्यानं पट्टीचे तीन पदर दाबून बसवले आणि खाली उतरला. गार हवा तशीच येत होती. बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि स्वतःचा फोटो काढताना धरतात तसा समोर धरला, बाबांकडे पाठ करून. म्हातारपणी हा काय नखरा, अशा नजरेनं ताईची शेजारीण बघत राहिली.

"अहो," ताई म्हणाली, "आहात ना?"

काही नाही.

"अहो, मीच विचारतेय. ही नाही. मी."

एसी घुमत राहिला. बाबांच्या शालीखाली खांदा किंचित हलला. पुन्हा हलला. मग भराभर हलू लागला.

"एकदाच बोला," ताईचा आवाज बारीक झाला. "माझी लाज राखा. एकदाच."

बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता पुढे व्हावं, ती पट्टी उपटून काढावी आणि म्हाताऱ्या बहिणीला तिचं ते एक टिंग परत द्यावं. पण तांब्या रिकामा झालेला त्यांना दिसत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आत्मा रुसला," बाबा घाईनं म्हणाले. "अपमान झाला. आजची सभा संपली."

"दोन मिनिटं थांबा," बाईंनी बशीतले सेल उचलून घरच्या रिमोटमध्ये घातले. "सगळे पुढे या. या रिमोटच्या टोकाला एक बारीक बल्ब आहे. मी बटण दाबते. लागलेला दिसतो का?"

"नाही," सगळे म्हणाले.

"आता फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा."

फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी एक जांभळट पांढरा ठिपका लुकलुकत होता. शेजारणीनं एकदा फोनकडे, एकदा रिमोटकडे बघितलं. "अगंबाई! इथे आहे, आणि तिथे नाही!"

"तिथेही आहे. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. रिमोट या प्रकाशानं बोलतो. बटण दाबलं की उघडझाप, उघडझाप. प्रत्येक बटणाची उघडझाप वेगळी. एसीवरची ती काळी काच म्हणजे त्याचा डोळा. निरोप पोचला की एसी टिंग करतो, म्हणजे 'कळलं' म्हणतो. याला वायर लागत नाही, आणि रिमोट थेट एसीकडे धरावाही लागत नाही. छतावर, भिंतीवर आपटून प्रकाश पोचतो. पातळ कापडातूनही जातो. डोळ्यावर पट्टी बांधली की मात्र दिसणं बंद." त्यांनी फोन वायरमनच्या हातात दिला. "आता मघाचं चित्रण लाव. ताई हाका मारत होती तेव्हाचं."

पडद्यावर बाईंचा दमलेला चेहरा दिसला. त्यांच्या खांद्यामागे गारवाबाबा. आणि बाबांच्या शालीखाली, काखेजवळ, जांभळट ठिपका वेड्यासारखा लुकलुकत होता.

वायरमननं कुणालाही न विचारता शालीत हात घातला. बाहेर आला तेव्हा त्या हातात छोटासा काळा रिमोट होता. कोणत्याही कंपनीचा एसी चालवणारा, बाजारात सर्रास मिळणारा.

"आणि मी चार दिवस वायर शोधत होतो," तो स्वतःशीच म्हणाला. "घरचा रिमोट मेला म्हणजे सगळे मेले, असं धरूनच चाललो."

"भक्तांची श्रद्धा टिकवायला कधी कधी साधन वापरावं लागतं," बाबा म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. त्यांना कुणी मारलं नाही, अडवलंही नाही. लोकांनी वाट दिली आणि ते जिना उतरून गेले. वायरमन चौकीत तक्रार करायला म्हणून त्यांच्या मागोमाग गेला, रिमोट हातात घट्ट धरून.

बाकीचे मात्र लगेच हलले नाहीत. शेजारीण म्हणाली, "ते टिंगचं कळलं, बाई. पण भावोजींचा गुडघा दुखायचा, हे त्यांना पहिल्याच दिवशी कसं कळलं?"

"पहिल्या दिवशी जिन्यात त्यांच्याशी कोण बोलत होतं?"

शेजारीण आठवू लागली. "मीच की. म्हटलं, बिचाऱ्यांचा गुडघा..." तिनं जीभ चावली आणि पदर सावरत निघून गेली.

खोली रिकामी झाली. ताई फोटोकडे न बघता बसून होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"नाही गं."

"मला काय वाटलं माहीत आहे? उभ्या जन्मात त्यांनी मला कशाला 'हो' म्हटलं नव्हतं. माहेरी जाऊ? नाही. नवा पडदा घेऊ? नाही. तो रिमोटसुद्धा कधी हातात दिला नाही, बिघडवशील म्हणाले. आणि गेल्यावर चार दिवस नुसतं हो, हो, हो." तिनं फोटोकडे बघितलं. "मला तेव्हाच कळायला हवं होतं, हा माणूस आमचा नव्हे."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या बहिणीला चिकटून बसल्या. "मी यायला हवं होतं. दोन महिन्यांत एकदाही आले नाही. घरात बोलायला कुणी असतं, तर तू यंत्राशी बोलायला गेली नसतीस."

बाईंनी साखर तपासायचं यंत्र काढलं, तेव्हा ताईनं आपणहून बोट पुढे केलं. आकडा बघून बाईंनी लगेच ताईच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एवढंच सांगितलं, किती इन्सुलिन आत्ता द्यायचं, आणि लगोलग दवाखान्यात घेऊन या. सुई बाईंनी टोचली. ताई "आई गं" म्हणाली. मग बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरू लागली.

दवाखान्यात तिला सलाइन लावलं. "आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर शुद्धीवर नसताना आणावं लागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या रोग्याकडे गेल्या. त्यांनाही अशा गोष्टींचा कंटाळा आला असावा.

तक्रार झाली, तरी गारवाबाबा आज आणखी कुठल्या तरी गल्लीत दुसऱ्या नावानं बसला असेल. त्याच्याकडे नवं यंत्र असेल, आणि समोर कुणीतरी नुकतं माणूस गमावलेलं असेल. म्हणून सांगायचं ते एवढंच. दुःखात माणसाला आधार हवा असतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जो आधार औषध सोडायला सांगतो, खोली मागतो आणि प्रश्न विचारला की रागावतो, त्याला आधी प्रश्न विचारा. चमत्कार दिसला की हात जोडण्यापूर्वी तो उलटून बघा, झाकून बघा, मग काय उरतं ते बघा. नमस्काराची घाई कशाला? खरं असेल ते तपासल्यानंतरही खरंच राहतं.