कुंकवातली कोरी खूण

"निकृष्ट माल!" कंपनीच्या फाटकातून आत शिरेपर्यंत दीपमाला हे दोन शब्द दहादा पुटपुटली होती. अहो, तोंडावर शिवी दिली असती तरी परवडलं असतं. पण या कंपनीच्या सुदर्शन नावाच्या इंजिनिअरनं हडपसरातल्या निम्म्या आयटी ऑफिसांना इंग्रजीत मेल धाडला होता: 'दत्तोबा बॅटरी'चा माल निकृष्ट, कुणी घेऊ नये. दत्तोबा म्हणजे दीपमालाचे वडील. तीस वर्षं त्याच एका गाळ्यात बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस. मेलचा कागद कुणीतरी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते उठले. स्टुलावर चढले आणि स्वतःच्या नावाची पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. "नावाला बट्टा लागला, आता कशाला मिरवायचं?" एवढंच म्हणाले. त्याला आज तीन दिवस झाले.

आणि हे सगळं कशापायी, तर एका नावेपायी! परवापरवापर्यंत जिथं दत्तोबांच्या भावकीची मेथी उगवत होती, तिथं कंपनीनं तळं खोदलं होतं. परदेशी पाहुण्यांना त्यात फिरवायचं, तेही आवाज न करता, म्हणून बॅटरीवरची नाव. एका बॅटरीनं भागेना, म्हणून चार. त्या दीपमालानं गेल्या वर्षी स्वतः जोडून दिल्या होत्या, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. प्लसला प्लस, मायनसला मायनस. हे कुणीही करेल हो. खरी मेख पुढेच आहे. मोटरची प्लसची तार पहिल्या बॅटरीवरून घ्यायची आणि मायनसची शेवटच्या बॅटरीवरून, म्हणजे चौघींवर सारखा भार येतो. दोन्ही तारा एकीलाच लावल्या, की चार सुनांच्या घरातलं होतं. जी दारापाशी उभी, तिच्याच डोक्यावर हंडा, आणि बाकीच्या निवांत.

पाच महिन्यांत पहिली बॅटरी फुगली आणि नाव पाहुण्यांसकट तळ्याच्या मध्यावर बंद पडली. सुदर्शनची शोभा झाली. त्यानं ना दीपमालाला विचारलं, ना बॅटऱ्यांवरचं झाकण उघडून पाहिलं. थेट मेल!

आज ती स्वतःहून येऊन नावेत उतरली, ते झाकण उघडलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवर होत्या.

"ही मायनसची तार इथं कुणी आणली?"

"तुम्हीच ना, मॅडम. फिटिंग तुमचंच होतं," सुदर्शन शेजारी उभा राहून म्हणाला. "आणि पॅरललमध्ये व्होल्टेज सेमच असतं. काय फरक पडतो?"

"फरक? ही पहिली मेली, बाकीच्या तिघी ठणठणीत आहेत, हा फरक! मी शेवटच्या बॅटरीवरून तार घेतली होती."

"प्रूफ काय?"

हातातला पाना तळ्यात भिरकावावा असं तिला वाटलं. तेवढ्यात तिची नजर चौथ्या बॅटरीवर गेली. खंडेनवमीला कंपनीच्या लोकांनी हौसेनं नावेची पूजा केली होती, बॅटऱ्यांनाही बोटं भरभरून हळदकुंकू लावलं होतं. ते अजून तसंच वाळून बसलं होतं. चौथीच्या मायनसवर सगळीकडे कुंकू, आणि मधोमध तारेच्या टोकाएवढी कोरी गोल खूण.

"हे बघा. पूजेच्या वेळी तार इथं होती, म्हणून खाली कुंकू पोचलं नाही." मग तिनं पहिल्या बॅटरीवरचा नट सोडवला आणि तार उचलली. "आणि इथं तारेच्या खाली कुंकू. खाली, साहेब! आधी कुंकू लागलं, मग तार आली. मी तर आदल्या दिवशीच घरी गेले होते. आता बोला."

सुदर्शनचे कान लाल झाले. "ॲक्च्युअली... पूजेचा फोटो काढायचा होता. ती लांब तार सगळ्यांवरून आडवी, बरी दिसत नव्हती. म्हणून मी जरा नीटनेटकं केलं."

नीटनेटकं! घ्या! फोटोसाठी यांनी तार हलवली आणि पाटी उतरली दत्तोबांची.

"ठीकाय, आता जोडून टाका," तो घाईनं म्हणाला. "चार वाजता क्लायंट येतायत. मेलचं बघू नंतर."

दीपमालानं ती तार काढून गुंडाळली, पाना पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि नावेतल्या फळीवर बसली. "आधी मेल."

"अहो, अशा मेलला वरून अप्रूव्हल लागतं."

"बदनामीच्या मेलला कुणाचं घेतलं होतं?"

लॅपटॉप काठावर आला. 'थोडा गैरसमज झाला,' असं काहीसं त्यानं लिहिलं. दीपमालाला इंग्रजी वाचता येत होतं. "गैरसमज कुणाचा? तार कुणी हलवली? लिहा, मी हलवली. माल चांगला होता, हेही लिहा. खाली पूर्ण नाव. आणि पहिला ज्यांना गेला, त्या सगळ्यांना." त्यानं लिहिलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दाबा."

मेल गेल्यावरच ती उठली. मेलेली बॅटरी काढून तिनं कंपनीनं आणून ठेवलेली नवी बसवली, लांब तार पुन्हा सगळ्यांवरून आडवी नेली आणि चौथीच्या मायनसवर नट आवळला. मग फाटकाबाहेर येऊन दुकानात वडिलांना फोन लावला.

"आण्णा, पाटी लावा."

"काय लिवलंय त्यांनी?"

"चूक आमची, माल चांगला होता, असं."

"नावानिशी?"

"नावानिशी. सगळ्यांना गेलाय मेल."

फोनमधून फक्त फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. ते स्टूल ओढत होते.