तिसऱ्या बसचा नियम

शेअर विकायचे माझे स्वतःचे काही नियम आहेत. त्यातला एक कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. कोरेगाव भीमाला आमच्या घरासमोरून रात्रपाळीसाठी इथल्याच एका कंपनीच्या तीन बस जातात. त्यातली एक जरी आठवडाभर दिसली नाही, तरी त्या कंपनीचा शेअर ठेवायचा नाही.

बाळाला भरवत गॅलरीत उभी असते, त्यातून हे सुचलं. माझा नवरा ईश्वर हसतो. "बी.कॉम. झालीस आन् बशी मोजतीस!" पण वर्षभर कागदावर ताडून पाहिल्यावरच मी लग्नाआधीच्या नोकरीतले पैसे त्या शेअरमध्ये घातले. आणखी एक नियम मला स्वतःला आवरायला केला होता: सौदा होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. बोललं की माझं मन हलतं.

त्या सोमवारी तिसरी बस बंद होऊन आठवडा झाला होता. बाजार उघडायची वाट बघत मी फोन घेऊन बसले होते, तेवढ्यात शेजारची मोनिका आली. तिचा नवरा मल्हार त्याच कंपनीत कंत्राटावर. सासरे म्हस्कूमामा दौंडकडे गावी शेती बघतात आणि उरलेली मेंढरं राखतात.

"ताई, आमचं हे म्हणत्यात, मेंढरं इकून टाकू. पर्मनंट करणार हायेत म्हनं. मग हितंच जागा घ्यायची. मामा ऐकंनात. उद्या सकाळी व्यापारी यायचाय. तुम्हाला कंपनीतलं कळतं. टिकंल ना कंपनी?"

"तिसरी बस का बंद आहे गं?"

"मशिनी दुरुस्तीला काढल्यात, म्हणाले."

कंपनीचा तिमाही निकाल मी वाचला होता. विक्री घटली होती, तयार माल गोदामात पडून होता. अशा वेळी आधी कंत्राटी माणसांनाच ब्रेक देऊन घरी बसवतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"कंपनी मोठी आहे," मी म्हणाले.

"मंग झालं! मामांना सांगते, शिकलेल्या बाईनं सांगितलंय."

ती गेली. बाजार उघडला, मी विकून टाकले. दुपारपर्यंत भाव बराच खाली आला आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. मग गॅलरीतून मोनिका दिसली, वाळलेले कपडे काढत होती. मोबाईल कानाशी धरून बोलत होती, "अवो मामा, ताई म्हणाल्या ना!"

माझे शेअर ते केवढे? तिला सांगितलं असतं तर भाव पैशानंही हलला नसता. आणि आता तर सौदाही झाला होता, नियमाची आडकाठी नव्हती. पण आत्ता सांगितलं तर ती विचारणार, सकाळी का नाही बोललात? त्या एका प्रश्नापायी दिवस घालवला. रात्रीही दोनच बस गेल्या.

सकाळी बाळाला उचललं आणि तिच्याकडे गेले.

"मोनिका, मेंढ्या विकू नका. कंपनीचा माल खपत नाहीये. मल्हारला ब्रेक मिळू शकतो."

बाळाला चटईवर ठेवायच्या आत तिनं फोन लावला. "मामा, थांबवा! टेम्पोत चढवली? उतरवा, उतरवा खाली. ह्यांचं मी बघते."

पलीकडून मेंढरांचं बें-बें आणि मामांचा आवाज, "उतरवा रं! सुनंला अक्कल आली!"

ती हसत हसत खाली बसली. "वाचलो बया." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पर ताई, ह्ये आजच कळालं व्हय?"

खोटं बोलता आलं असतं.

"नाही. कालच माहीत होतं."

"मग?"

"माझे शेअर विकायचे राहिले होते."

"इकलं?"

"हो."

"बरं झालं." तिनं चटईवरून बाळाला उचललं, त्याच्या हातातला तिच्या पोरीचा खुळखुळा काढून घेतला आणि बाळ माझ्या हातात दिलं. "झोप आलीया त्याला. घेऊन जावा."

बाळ टक्क जागं होतं.