तासलेलं दार

सुताराने दाराच्या वरच्या कडेवर रंधा फिरवला आणि मध्येच हात थांबवला. आणखी तासलं तर कडी बसायलाही लाकूड उरणार नव्हतं.

चार वर्षांत हे दार तो पाचव्यांदा तासत होता. दमट हवेने लाकूड फुगतं, अशी त्याने दर खेपेला स्वतःची समजूत घातली होती. पण इथे चौकटच तळ्याच्या बाजूला कलली होती.

"झालं का रे?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. "साहेब येतील इतक्यात."

"होतंय."

मागे हटता हटता हिमनदीने आपल्या तोंडाशी दगडगोट्यांचा टेकडीएवढा लांबलचक ढीग टाकला होता. त्या टेकडीआड वितळलेलं पाणी साठून तळं झालं. तळ्याची शोभा पाहून दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, टेकडीवरच पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधल्या. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. ताई एकटीच सगळं रेटत होती. आज सरकारी तपासनिसाने परवान्यावर शिक्का मारला की रविवारी चौदा पाहुणे येणार होते.

गेल्या आठवड्यात कुंपणाचा खांब पुरताना सुताराची पहार दोन हात खाली बर्फावर आदळली. दगडगोटे नुसते वरवर होते. टेकडीच्या पोटात हिमनदीचा जुना बर्फ राहिला होता आणि तो विरघळत चालला होता. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. पण ताईच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या तोंडाने कसं काढायचं?

तपासनीस आला. त्याने एकेक दार ढकलून पाहिलं. सगळी अलगद उघडली.

"काम झकास आहे," तो म्हणाला आणि त्याने शिक्का बाहेर काढला.

"आधी चहा घ्या," ताई म्हणाली. पहिला कप संपला तशी तिने दुसरा ओतला. एरवी नाकावर माशी बसू न देणारी ताई आज साहेबांना बिस्किटांचा आग्रह करत होती. सुताराला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "दारं मी तासलीत, म्हणून उघडतात. घर कलतंय. खाली बर्फ आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय."

ताईकडे पाहायची त्याची छाती होईना. तिने किटली खाली ठेवली.

"दोघं जरा आत या."

कडेच्या खोलीत तिने कपाट बाजूला ढकललं. मागच्या भिंतीवर छतापासून निघालेली भेग गुडघ्यापर्यंत आली होती. तिच्या कडेने पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. वरच्या दाजींच्या अक्षरात होत्या, खालच्या ताईच्या.

"इथे कोण झोपतं?" तपासनिसाने विचारलं.

"मी."

तपासनिसाने शिक्का खिशात टाकला. ताई सुताराकडे वळली.

"आमच्या ह्यांच्याने शेवटपर्यंत कुणाला सांगवलं नाही. माझ्यानेही नाही," ती म्हणाली. "तुला दर वेळी बोलावलं, ते या खेपेला तरी तू बोलशील म्हणून."